अवलंबून वस्तू शिल्लक आहेत

रीगाहून पत्र आलंय: महिनाअखेरीपर्यंत
लिएपाया बंदराची मृत खाती किती, ते कळवा.
चौकोनात आकडा भरायचा. शक्यतो शून्य.

मी यादी उघडते. चौसष्ट नावं.
कुणाला नुसतं वाचायची मुभा, कुणाला भरायची,
खोडायची मुभा चौघांना,
त्यातल्या दोघांना ती असल्याचा पत्ताही नाही.
उन्हाळ्यापुरत्या आलेल्या रैविसला
कुणीतरी घाईघाईत सगळ्याच चौकटींत खुणा करून दिल्यात,
पाहुण्याच्या हाती किल्ल्यांचा जुडगा द्यावा तशा.
हक्क द्यायला एक ओळ पुरते.
काढून घ्यायचा तर
कुणी कुणाला पुढे काय दिलं
ते उकलत बसावं लागतं,
ओल्या दोराची गाठ सोडवावी तसं, नखांनी.

मग ओयार्स.
फेब्रुवारीत गेला. आम्ही सहा फुलं नेली होती;
इथे जिवंत माणसाला विषम देतात, गेलेल्याला सम.
त्याच्या नावापुढे:
शेवटचा प्रवेश, काल रात्री, दोन वाजून दहा मिनिटं.

क्षणभर मी खिडकीकडेच बघितलं.
धक्क्यावर क्रेन, क्रेनवर गल पक्षी,
बाकी कोणी नाही.

नंतर सापडलं.
रोज रात्री दोन-दहाला एक छोटं काम उठतं,
त्याचं नाव, त्याचा परवलीचा शब्द घेऊन आत येतं,
पाण्याची पातळी लिहितं आणि जातं.
अकरा वर्षं. दफनाच्या रात्रीही.

खातं काढून टाका, मी म्हटलं.
पडदा म्हणाला: काढता येत नाही.
अवलंबून वस्तू शिल्लक आहेत.
एक्केचाळीस तक्ते. बर्फ, जहाजं, दोरखंड,
कोणत्या वाटाड्याला कोणता कप्तान चालत नाही याचासुद्धा एक.
सगळ्यांवर मालक म्हणून तो.
माणूस गेला की वारस लावायचा असतो.
मी कोणा माणसाचं नाव लावलं नाही, माझंही नाही,
माणसं काय, जातात.
'बंदर' नावाची एक भूमिका केली,
जिला आत येताच येत नाही, नुसतं धरून ठेवता येतं,
आणि चाळीस तक्ते तिच्या नावे केले.

एक्केचाळिसावा राहिला.
त्याला नाव नाही, नुसती एक तारीख.
वाचायची मुभा एकाच व्यक्तीला:
स्कैद्रीते, क्रेन विभाग.
तीन हजार दोनशे बारा ओळी,
शेवटची, तो इस्पितळात गेला त्या गुरुवारची.
मला इथे कोणी अडवत नाही.
ज्याच्या हाती सगळे हक्क त्याला कोणतीच खूण लागत नाही,
दार आपणहून उघडतं.
मी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

स्कैद्रीतेला फोन केला. म्हटलं,
एक तक्ता आहे, तुझ्या नावे करू का?
ती इतकी गप्प झाली
की पलीकडे साखळी ओढल्याचा आवाज आला.
मग म्हणाली, नको.
त्याच्याच नावे असू दे.
मी वाचते फक्त.

म्हणून त्याचा प्रवेश बंद केला,
परवलीचा शब्द पुसला,
रात्रीचं काम 'बंदर'साठी दुसऱ्या दाराने लावून दिलं,
आणि खातं ठेवलं.
रीगाच्या चौकोनात लिहिलं: एक.
खुलाशाच्या रकान्यात: आत येत नाही. मालक आहे.
ते यावर प्रश्न विचारतील. विचारू देत.

पुढच्या आठवड्यात कॅलेंडरवर ओयार्सच्या नावाचा दिवस आहे.
दरवर्षी तो स्वतःच केक आणायचा,
कापायच्या आधी सुरी टेबलावर टकटक वाजवायचा.
फुलं घ्यायला गेले तर बाई विचारणार, किती?
अजून ठरलेलं नाही.

सकाळी पाहिलं. दोन-दहा. बंदर.
पाणी चार सेंटिमीटर चढलेलं.